चिठ्ठीवरची औषधं कशी द्यावीत: विदर्भातल्या गावच्या मेडिकलसाठी पायरीपायरीने

एच-वनचं (ज्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांच्या यादीचं) रजिस्टर रात्री शटर ओढायच्या आधी एकदम भरायचं, शिक्का चिठ्ठीच्या पाठीमागे मारायचा, लिहिलेला ब्रँड नसला की दुसऱ्या कंपनीच्या गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) काढून द्यायचा. तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतल्या मेडिकलमध्ये या तिन्ही गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की डी.फार्म. करून नुकतंच दुकान टाकलेल्या मुलांना त्या नियमाविरुद्ध आहेत हे कुणी सांगतही नाही. कळतं ते औषध निरीक्षकांचा शेरा पडल्यावर, किंवा एखाद्या पेशंटला अपाय झाल्यावर.

माझ्या पाहण्यात बहुतेक चुका क्रम मोडल्यामुळे होतात. गोळ्या आधी काउंटरवर येतात, चिठ्ठी नंतर वाचली जाते आणि नोंद त्याहूनही उशिरा होते. म्हणून खाली कामाचा क्रमच लावून दिला आहे. त्याला आधार आहे तो औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०, त्याखालचे १९४५ चे नियम (त्यातला नियम ६५ प्रत्येक फार्मासिस्टने स्वतः एकदा तरी वाचावा), फार्मसी कायदा १९४८ आणि फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ यांचा.

## आधीची तयारी

परवाना दर्शनी भागात लावलेला असावा. किरकोळ विक्रीला साधारण फॉर्म २० आणि २१ लागतात. शेड्यूल एक्सची (नियमांतल्या सर्वांत कडक यादीतली) औषधं ठेवायची तर फॉर्म २०-एफ वेगळा लागतो, आणि गावाकडच्या बहुतेक दुकानांकडे तो नसतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर परवान्याचं नूतनीकरण करावं लागत नाही, पण दर पाच वर्षांनी परवाना कायम ठेवण्याचं शुल्क भरावं लागतं. "आता परवाना कायमचा झाला" असं समजून ही तारीख विसरलेली दुकानं आहेत. तारीख परवान्याच्या चौकटीवरच पेनाने लिहून ठेवा.

फार्मासिस्टच्या अंगावर पांढरा अॅप्रन हवा, आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला. २०१५ च्या रेग्युलेशन्सनी ते बंधनकारक केलं आहे.

काउंटरच्या आत, हात पुरेल अशा जागी, या वस्तू असू द्या: दुकानाचं नाव-पत्ता आणि तारखेचा शिक्का, शिक्क्याची ओली पॅड, एच-वनचं बांधीव रजिस्टर, चिठ्ठ्यांचं रजिस्टर किंवा कार्बन कॉपीचं बिलबुक, आणि परिसरातल्या डॉक्टरांच्या फोन नंबरांची यादी. संगणकावर बिलं करत असाल तरी बिलबुक ठेवाच. वीज गेली म्हणून नोंद राहिली, हे उत्तर तपासणीत चालत नाही, आणि आपल्याकडे वीज कधी जाते ते काय सांगायचं.

रॅकची मांडणी कंपनीवार किंवा अक्षरवार असायला हरकत नाही, पण एच-वनची औषधं एका वेगळ्या बंद कपाटात काढा. हे नियमात लिहिलेलं नाही, हा माझा आग्रह आहे. कपाट उघडावं लागलं की हात आपसूक रजिस्टरकडे वळतो. जनावरांच्या औषधांसाठी मात्र वेगळं कपाट, किंवा गिऱ्हाईक जाऊ शकणार नाही असा वेगळा भाग, नियमानेच लागतो. मुदत संपलेल्या मालाची पेटीही वेगळी, आणि तिच्यावर ठळक "विक्रीसाठी नाही".

तपासा: फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे का? इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि त्यातच भारनियमन. तापमान सकाळ-संध्याकाळ लिहा. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पाण्यासारखं दिसत असलं तरी ते वाया गेलेलं असतं.

## पायरी १: दुकानात फार्मासिस्ट हजर आहे ना?

चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः द्यायचं, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जायला हवं. भिंतीवर प्रमाणपत्र आणि माणूस नागपूरला, याला देखरेख म्हणत नाहीत. फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे, आणि परवाना निलंबित होतो तो वेगळाच.

फार्मासिस्ट जेवायला गेला, लग्नाला गेला, बँकेत गेला, तर तेवढा वेळ चिठ्ठीवरची औषधं बंद. तशी पाटी करून ठेवा: "फार्मासिस्ट उपस्थित नाही. चिठ्ठीवरील औषधे मिळणार नाहीत." हातातलं गिऱ्हाईक जाईल. जाऊ द्या.

दुकानातली मदतनीस पोरं हुशार असतात, दहा वर्षांत त्यांना प्रत्येक पत्त्याचा रंग पाठ होतो. त्यांनी माल लावावा, बिल करावं, पैसे घ्यावेत. चिठ्ठी वाचून औषध ठरवणं आणि हातात देणं त्यांच्याकडे जाऊ देऊ नका.

## पायरी २: मागणी ऐका, पण रॅककडे वळू नका

गिऱ्हाईक काय घेऊन येतं? क्वचितच सरळ चिठ्ठी. कुणी रिकामा पत्ता आणतं, कुणी मोबाइलवर फोटो दाखवतं, कुणी नुसतं सांगतं.

"भाऊ, पोराले ताप हाय, ते गुलाबी औषध देऊन द्या ना."

"चिठ्ठी हाय का, काकाजी?"

"चिठ्ठी काहून लागते? मांगच्या वेळी तं तुमीच देल्लं होतं."

या क्षणी जो हात रॅककडे जातो, तोच पुढची सगळी गडबड करतो. "गुलाबी औषध" अँटिबायोटिकचं सिरप असेल तर ते शेड्यूल एचमध्ये आहे आणि चिठ्ठीशिवाय देता येत नाही. मागच्या वेळी दिलं होतं, म्हणून या वेळी देणं कायदेशीर होत नाही. साधं पॅरासिटामॉल, ओआरएस, पोटाच्या जळजळीचं साधं औषध यांना चिठ्ठी लागत नाही. तेवढं द्या, आणि ताप तीन दिवसांच्या आत उतरला नाही, लेकरू पीत नसेल किंवा झोपाळलेलं असेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायला सांगा.

काही मागण्यांना सरळ नाही म्हणायचं. "जाड व्हायच्या गोळ्या" म्हणून डेक्सामेथासोन, गजकर्णाला क्लोबेटासोलची ट्यूब, गर्भपाताचं किट. स्टेरॉइडच्या बहुतेक ट्यूबा २०१८ पासून स्पष्टपणे शेड्यूल एचमध्ये आहेत, आणि गजकर्णावर त्या चोळल्या की ते आठवडाभर दबतं आणि मग दुप्पट पसरतं. मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टोलचं किट तर गर्भपात कायद्याखाली मान्यता असलेल्या डॉक्टरच्या देखरेखीतच वापरायचं आहे. बाईला लाज वाटते म्हणून नवरा किंवा दीर येतो. त्याला हळू आवाजात, बाजूला घेऊन, ग्रामीण रुग्णालयात ही सेवा मोफत मिळते हे सांगा.

सावधान: पुड्या बांधू नका. दोन-तीन पत्त्यांतून कापलेल्या गोळ्या कागदात गुंडाळून "अंगदुखीची पुडी" म्हणून देणं म्हणजे नाव, बॅच, मुदत आणि डोस हे सगळं एकाच वेळी पुसून टाकणं आहे. या पुड्यांत स्टेरॉइड असतं म्हणूनच त्यांचा "लवकर गुण" येतो.

### फवारणीच्या दिवसांत

ऑगस्ट ते ऑक्टोबर कापूस-सोयाबीनवर फवारणी चालते. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, लाळ गळणं, घाम, असं सांगणारा माणूस औषध मागायला आला तर पहिला प्रश्न: "आज फवारणी केली का?" हो म्हणाला तर त्याला उलटीची किंवा पित्ताची गोळी देऊन घरी पाठवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कपडे बदलायला, साबणाने अंग धुवायला सांगा, १०८ ला फोन लावा आणि औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्यायला सांगा. डॉक्टरला उपचार ठरवायला ते लेबल लागतं.

## पायरी ३: चिठ्ठी पूर्ण वाचा

नियम ६५ प्रमाणे चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख असावी, पेशंटचं नाव व पत्ता असावा, औषधाचं एकूण प्रमाण आणि डोस असावा. म्हणून वाचन वरून खाली करा.

कुणी लिहिली? डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक. दाताच्या डॉक्टरने दाताच्या उपचारासाठी, पशुवैद्याने जनावरासाठी लिहिलेली चिठ्ठी तेवढ्यापुरती ग्राह्य. आयुर्वेदाच्या नोंदणीकृत डॉक्टरांना महाराष्ट्रात १९९२ च्या शासन आदेशाने आधुनिक औषधं लिहिण्याची मुभा आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा प्रश्न मात्र अनेक वर्षं वादात राहिला आहे, तिथे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या आणि ते पत्र फाइलला लावा. पदवी-क्रमांक काहीच नसलेल्या कोऱ्या कागदावर औषध देऊ नका, लिहिणारा "डॉक्टर" गावात कितीही मानाचा असला तरी.

कुणासाठी? नाव, वय, आणि लेकरू असेल तर वजन.

कधीची? चिठ्ठी एकदाच वापरायची असते. पुन्हा द्यायचं तर डॉक्टरने तसं चिठ्ठीवर लिहिलेलं असलं पाहिजे, आणि किती वेळा किंवा किती दिवसांनी ते लिहिलं असेल तर तेवढंच. बीपी-शुगरचे पेशंट दोन-दोन वर्षांची घडी घालून फाटलेली चिठ्ठी आणतात. त्यांना औषधावाचून परत पाठवणंही धोक्याचं, हे मला मान्य आहे. यावर उपाय पेशंट उभा असताना सापडत नाही, तो आधी करून ठेवावा लागतो. जवळच्या डॉक्टरांना भेटून विनंती करा, की जुनाट आजाराच्या चिठ्ठीवर "दर महिन्याला, सहा महिने" असं एक वाक्य लिहीत जा. मी ज्या ज्या डॉक्टरांशी बोललो त्यांनी हे आनंदाने केलं. त्यांचंही काम त्याने हलकं होतं.

किती? "टॅब. अमुक १-०-१" आणि दिवस लिहिलेलेच नाहीत, अशा चिठ्ठ्या रोज येतात. दिवस आपल्या मनाने ठरवू नका. फोन करा.

### मोबाइलवरची चिठ्ठी

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-चिठ्ठी पेशंटला पाठवू शकतो. ई-संजीवनीची (सरकारी टेलिमेडिसिन सेवेची) चिठ्ठीही याच प्रकारची. पण शेड्यूल एक्सची आणि अमली पदार्थ कायद्याखालची औषधं दूरध्वनी-व्हिडिओ सल्ल्यावर लिहिताच येत नाहीत. ट्रॅमाडॉल आणि अल्प्राझोलाम या कायद्याखाली येतात. म्हणून मोबाइलवरच्या टेलिमेडिसिनच्या चिठ्ठीवर ती दिसली की तिथेच थांबा.

फोटो असेल तर एवढं करा: फोटोत नाव, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक चौकटीत आले आहेत का ते पाहा, प्रिंट काढा, प्रिंटवर शिक्का मारून पेशंटकडे द्या आणि एक प्रत ठेवा. नुसता "डॉक्टरांनी व्हॉट्सअॅपवर नाव टाईप करून पाठवलंय" हा मेसेज चिठ्ठी नव्हे.

सावधान: अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका. मेथोट्रेक्सेटसारखं औषध सांध्यांच्या आजारात आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. ते रोज घेतलं तर माणूस जातो. "एकदा" म्हणजे दिवसातून की आठवड्यातून, हे डॉक्टरला विचारल्याशिवाय आणि चिठ्ठीवर वार लिहिल्याशिवाय देऊ नका.

## पायरी ४: औषध कोणत्या शेड्यूलचं, ते लेबलवर पाहा

पाठांतरावर जाऊ नका, पत्ता उलटा करून वाचा.

शेड्यूल एचच्या पत्त्यावर डाव्या कोपऱ्यात आरएक्स असतं आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विकू नये असा इशारा. एच-वनवर तेच आरएक्स लाल रंगात आणि इशाऱ्याला लाल चौकट. अमली पदार्थ कायद्याखालच्या औषधावर लाल एनआरएक्स, शेड्यूल एक्सवर लाल एक्सआरएक्स. शेड्यूल जीच्या औषधांवर, मेटफॉर्मिन किंवा अॅलर्जीच्या गोळ्यांवर, डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं अशी सूचना असते.

एच-वन १ मार्च २०१४ पासून लागू आहे. गावाकडच्या दुकानात त्यातली रोज हात लागणारी औषधं म्हणजे सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन, लिव्होफ्लॉक्सासिन, ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम आणि टीबीची औषधं. अॅझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन एचमध्ये आहेत. अनेकजण सेफिक्झिमला "साधंच अँटिबायोटिक" समजून एच-वनच्या रजिस्टरमधून गाळतात. तपासणीत सर्वांत जास्त सापडणारी फट हीच.

## पायरी ५: पेशंटला चार प्रश्न

आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत? कोणत्या औषधाने अंगावर पुरळ, सूज आली होती का? बाई असेल तर दिवस गेले आहेत का, अंगावर पाजते का? लेकरू असेल तर वजन किती?

गडचिरोली-गोंदियाकडे हिवतापाच्या चिठ्ठीवर प्रायमाक्विन दिसलं की गरोदरपणाचा प्रश्न विसरू नका, गरोदर बाईला ते द्यायचं नसतं. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना २०११ पासून निषिद्ध आहे. सर्दीच्या सिरपातलं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या लेकरांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाले आहेत. चिठ्ठीवर असं काही दिसलं तर डॉक्टरला फोन करणं हा त्यांचा अपमान नाही. आवाज नम्र ठेवा, पेशंटसमोर "चुकलंय" म्हणू नका.

## पायरी ६: आता रॅककडे वळा

लिहिलेलंच औषध काढा. एच, एच-वन आणि एक्सच्या औषधाऐवजी दुसरं औषध देता येत नाही, त्यात तोच घटक असला तरी नाही. "एकच कंटेंट हाय, घेऊन जा" हे वाक्य आपल्याकडे फार सहज निघतं. डॉक्टरने जेनेरिक नाव लिहिलं असेल तर त्या नावाचं कोणत्याही कंपनीचं देता येतं. ब्रँड लिहिला आणि तो नसेल तर डॉक्टरला फोन करा, बदललेली चिठ्ठी सहीसह मागवा. तेही जमलं नाही तर "उद्या येईल" किंवा "बाजारपेठेतल्या दुकानात पाहा" म्हणा.

पत्ता कापायचा तर ज्या बाजूला बॅच आणि मुदत छापलेली आहे ती बाजू दुकानात शेवटपर्यंत राहू द्या. ते शक्य नसेल तर पाकिटावर दोन्ही लिहा.

तपासा: नाव, ताकद, मुदत. तिन्ही बोट ठेवून चिठ्ठीशी जुळवा. ५ आणि ५०, २५० आणि ५०० यांत गोंधळ होतो तो इथेच. "फिजिशियन्स सॅम्पल" किंवा "सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही" छापलेला माल दुकानात दिसताच कामा नये.

## पायरी ७: नोंद, पैसे घेण्याआधी

नियमातले शब्द स्पष्ट आहेत: नोंद औषध देतानाच करायची. चिठ्ठ्यांच्या रजिस्टरमध्ये किंवा बिलावर हे सगळं यायला हवं: अनुक्रमांक, तारीख, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव-पत्ता, औषधाचं नाव आणि प्रमाण, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत आणि फार्मासिस्टची सही. रजिस्टर ठेवत असाल तर त्यातला अनुक्रमांक चिठ्ठीवरही टाका. बांधीव पाकिटातलं औषध असेल तर रजिस्टरऐवजी एवढा सगळा तपशील असलेलं बिल चालतं.

गावात "पत्ता" लिहिताना नुसतं "धारणी" किंवा "पुसद" लिहितात. गाव, तालुका आणि वस्ती लिहा. पेशंट शोधायची वेळ आली तर "पुसद" एवढ्याने कुणी सापडत नाही.

एच-वनचं रजिस्टर वेगळं. त्यात डॉक्टरचं नाव व पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि दिलेलं प्रमाण. ते तीन वर्षं जपून ठेवायचं. बाकीची रजिस्टरं शेवटच्या नोंदीपासून किमान दोन वर्षं. २०१५ च्या रेग्युलेशन्सनी पेशंटच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितल्या आहेत, म्हणून मी सगळंच पाच वर्षं ठेवतो, वेगळा हिशोब करत बसत नाही.

रजिस्टर कसं बिघडतं ते जवळून पाहा. आठवडी बाजाराचा दिवस, दुपारी बारा ते चार गर्दी. पोरगा चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवतो आणि रात्री नऊ वाजता फार्मासिस्ट एका दमात वीस नोंदी करतो. एकाच पेनाने, एकाच लयीत, सगळ्या नोंदींना एकच बॅच. प्रत्यक्षात दुपारी दोन वाजता जुना डबा संपून नवा फोडलेला असतो. खरेदीच्या बिलाशी साठा जुळवला की हे दहा मिनिटांत उघडं पडतं. गर्दीच्या दिवशी नोंदीसाठी जवळच दुसरा माणूस बसवा, तो लिहील आणि फार्मासिस्ट वाचून सही करील. रांग लांबली तरी हा क्रम मोडू नका.

पैशांअभावी पेशंट "दोन दिवसाच्याच द्या" म्हणतो. जेवढं दिलं तेवढंच लिहा, चिठ्ठीवरही प्रमाण टाका, म्हणजे उरलेल्या गोळ्या तो परवा घेऊन जाऊ शकेल. त्या वेळी नव्या नोंदीत अनुक्रमांक, तारीख, प्रमाण आणि आधीच्या नोंदीचा हवाला दिला की पुरतं. अँटिबायोटिक असेल तर उधार ठेवा पण कोर्स पूर्ण द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

## पायरी ८: शिक्का, पाकीट, समजावणं

शिक्का चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला, डॉक्टरच्या सहीच्या वर. दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख. पाठीमागे मारलेला शिक्का दुसऱ्या दुकानदाराला दिसत नाही, आणि तेच औषध तो पुन्हा देतो. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत हे मुद्दाम केलं जातं.

पाकिटावर नाव, डोस, किती दिवस. वाचता न येणाऱ्यासाठी उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र काढा, त्याखाली जितक्या गोळ्या तितके टिंब. मेळघाटात कोरकू आणि भामरागड-एटापल्लीकडे माडिया बोलणाऱ्यांना मराठीत सांगितलेलं "जेवणानंतर" नेहमीच पोचत नाही, ताटाचं चित्र पोचतं. सिरप असेल तर सोबतच्या मापानेच द्या म्हणावं, घरचे चमचे लहान-मोठे असतात. शेवटी पेशंटलाच विचारा: "सांगा बरं, कशी घ्याल?" त्याने सांगेपर्यंत पाकीट हातात देऊ नका.

इन्सुलिन देताना घरी फ्रीज आहे का ते विचारा. नसेल तर दोन मडकी, एकात एक, मधल्या जागेत ओली वाळू, आत कोरड्या डबीत कुपी. सावलीत ठेवलेलं हे मडकं उन्हाळ्यात घरापेक्षा पुष्कळ गार राहतं. अशा घरी महिनाभराचा साठा देऊ नका, एकेक कुपी द्या.

## पायरी ९: टीबीचं औषध गेलं तर

मार्च २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे टीबीची औषधं देणाऱ्या औषध दुकानदारानेही रुग्णाची माहिती शासनाला कळवायची आहे. एच-वनचं रजिस्टर नीट असेल तर ही माहिती हाताशीच असते. तालुक्याच्या क्षयरोग पथकाला किंवा निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर कळवा. मदत क्रमांक १८००-११-६६६६. पेशंटला सरकारी औषधं मोफत मिळतात आणि पोषणासाठी महिन्याला १००० रुपये, हेही सांगा. टीबीचं नाव काउंटरवर मोठ्याने उच्चारू नका, गावात बातमी पेशंटच्या आधी घरी पोचते.

## जनावरांची औषधं

चिठ्ठी पशुवैद्याची आणि नोंदीत जनावराच्या मालकाचं नाव. लेबलवर माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी, असं हवं.

बैल लंगडतो म्हणून माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या पाच-सहा कुप्या मागणारे शेतकरी आजही येतात. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते टोचलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरतात. याचसाठी २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलीपुरती मर्यादित केली. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. पान्हा सोडवायला ऑक्सिटोसिन मागितलं तर देऊ नका. शेतकऱ्याला १९६२ हा पशुवैद्यकीय मदत क्रमांक लिहून द्या.

## पायरी १०: महिन्याचं आवरणं आणि मागे बोलावलेली बॅच

महिन्यातून एकदा मुदतीची पाहणी, तीन महिन्यांत संपणारा माल पुढे, संपलेला पेटीत आणि यादीसह ठोक विक्रेत्याकडे परत. खरेदी फक्त परवानाधारकाकडून आणि बिलावरच. मोटारसायकलवरून बिनबिलाचा स्वस्त माल आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड आहे, नव्या डब्यातला एखादा तपासत जा.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ सिरपाने लेकरं दगावली, काहींचे उपचार नागपुरात चालू होते. एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सूचना काढली तेव्हा ज्या दुकानाची बॅचची नोंद नीट होती, त्याला ही बॅच आपण कुणाला दिली का, हे त्याच दिवशी सांगता येत होतं. असा इशारा आला की हा क्रम ठेवा: विक्री थांबवा, उरलेला माल वेगळा करून मोजा, खरेदीचं बिल काढा, रजिस्टरमधून पेशंट शोधून घरी निरोप द्या, मग पुरवठादाराला आणि प्रशासनाला लेखी कळवा. अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५. कोणत्याही औषधाने अपाय झाल्याचं कळलं तर १८००-१८०-३०२४ वर नोंदवा, आणि फोन करताना बॅच क्रमांक हातात असू द्या, कारण तो तिथे हमखास विचारतात.